रायझनसोबत रेडिऑनच घ्यावं का? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची जोडी ठरवताना आणि तपासताना

नवा पीसी असेंबल करताना कोटेशन हातात आलं की हा प्रश्न हमखास निघतो. प्रोसेसर एएमडीचा रायझन घेतोय, मग ग्राफिक्स कार्डही एएमडीचंच रेडिऑन घ्यायचं का? दोन्ही एकाच कंपनीचं असेल तर चांगलं चालेल ना?

डेस्कटॉपपुरतं उत्तर सरळ आहे: नाही. प्रोसेसर आणि कार्ड एकमेकांशी पीसीआय एक्सप्रेस या सगळ्यांना सामाईक असलेल्या मार्गानं बोलतात, आणि त्या मार्गाला डब्यावरचं नाव कळत नाही. एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी आणि एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ४०९० ही २०२३ मधली गेमिंगची सर्वात वेगवान जोड्यांपैकी एक होती, आणि त्यात दोन वेगळ्या कंपन्या होत्या. एनव्हिडिया तर नेहमीच्या पीसीसाठी वेगळा विकत मिळणारा प्रोसेसर बनवतच नाही. म्हणजे जीफोर्स घेणाऱ्या प्रत्येकाची जोडी मिश्रच असते.

हा समज मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. एएमडीनं २००६ मध्ये रेडिऑन कार्डं बनवणारी एटीआय विकत घेतली. २०११ च्या सुमारास त्यांच्या ए-सिरीज प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स आणि बाहेरचं छोटं रेडिऑन कार्ड एकत्र जोडून चालवता येत असे. त्याला ड्युअल ग्राफिक्स म्हणत. गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजे फ्रेम, वाढायच्या, पण अडखळायच्याही, आणि पुढे ती सोय बंद झाली. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये दोन्ही भाग एएमडीचे आहेत खरे, पण तिथे ते एकाच चिपवर असतात आणि एकच मेमरी वापरतात. पीसीत तसं नसतं.

स्मार्ट ॲक्सेस मेमरी म्हणजे नेमकं काय, आणि ती सुरू कशी करायची

नोव्हेंबर २०२० मध्ये रेडिऑन आरएक्स ६००० कार्डांबरोबर एएमडीनं स्मार्ट ॲक्सेस मेमरी आणली. सुरुवातीला ती रायझन ५००० आणि आरएक्स ६००० याच जोडीवर चालायची, आणि आजही दुकानात तिचंच उदाहरण देतात. पण आत जे तंत्र आहे ते रिसायझेबल बार, आणि ते पीसीआय एक्सप्रेसच्या नियमावलीत २००८ पासून आहे. एरवी प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत एका वेळी २५६ एमबीच्या खिडकीतूनच डोकावता येतं. हे सुरू केलं की सगळी मेमरी एकदम खुली होते. २०२१ मध्ये एनव्हिडियानं आरटीएक्स ३० मालिकेला ते दिलं, आणि इंटेलच्या आर्क कार्डांना तर ते नसेल तर चालतच नाही म्हटलं तरी हरकत नाही. फ्रेम ठळकपणे घसरतात आणि अडखळतात.

ढोबळ नियम असा: इंटेल दहाव्या पिढीपासून पुढे, किंवा रायझन ३००० पासून पुढे (३२००जी आणि ३४००जी सोडून, ते आतून जुन्या पिढीचे आहेत), आणि कार्ड आरएक्स ६०००, आरटीएक्स ३० किंवा त्यापुढचं, नाहीतर आर्क. कोणाचीही जोडी कोणाशीही जमते.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बायॉस मोड या ओळीपुढे काय लिहिलंय ते वाचा. बायॉस म्हणजे पीसी सुरू होताना सर्वात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, असेल तर पुढे जा. लेगसी असेल तर तुमची विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. तसंच पुढे जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीनं पीसी सुरू होऊ देणारा बायॉसमधला पर्याय) बंद केलंत तर पीसी विंडोजपर्यंत पोचणारच नाही. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी कमांडनं डिस्क बदला. ही कमांड पहिल्यांदा नुसती तपासणीच्या पर्यायासह चालवायची, ती पास झाली तरच प्रत्यक्ष बदल करायचा. दुसरी गोष्ट, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि तो तात्पुरता थांबवा. बायॉस बदलल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि त्या क्षणी ती शोधायला जागा उरत नाही.

मग पीसी रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत बायॉसमध्ये जा. सीएसएम बंद, अबव्ह फोर-जी डीकोडिंग सुरू, री-साइज बार सपोर्ट ऑटो किंवा सुरू. क्रम हाच ठेवा, कारण बऱ्याच बोर्डांवर आधीचं केल्याशिवाय पुढचा पर्याय दिसतच नाही. तरीही दिसत नसेल तर बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवं बायॉस घालावं लागतं. ते काम वीज जाण्याची भीती नसताना, शक्यतो यूपीएसवर करा.

स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. पीसी बंद करून प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. बायॉस मूळ स्थितीत येतं.

झालं की नाही हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर रिसायझेबल बारच्या ओळीत दिसतं. फायदा किती? काही गेममध्ये दहा टक्क्यांच्या आसपास, पुष्कळांमध्ये जाणवणार नाही इतका, आणि एखाद्यात उलट थोडी घट. म्हणूनच एनव्हिडियाचा ड्रायव्हर ते गेमगणिक ठरवून सुरू करतो.

लेन: एकाच कंपनीची जोडी जिथे फसते

आता हे उदाहरण नीट बघा, कारण स्वस्तातल्या पीसीत याच ठिकाणी पैसे वाया जातात. रायझन ५ ५६००जी आणि रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. दोन्ही एएमडी, कोटेशनवर छान दिसतं. पण ६५०० एक्सटीला फक्त चार लेन, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवर डेटा जाण्या-येण्याच्या वाटा, आहेत. कार्ड लांबीला पूर्ण असतं, स्लॉट भरून बसतं, तरी आत वायरिंग चारच लेनचं. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. ५६००जी मात्र ३.० पर्यंतच बोलतो, त्यामुळे ते निम्म्यावर, ४ जीबीच्या आसपास येतं. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी. गेमची टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) त्यात मावली नाहीत की उरलेली रॅममधून याच अरुंद वाटेनं आणावी लागतात, आणि कॅमेरा फिरवला की चित्र ठेचकाळतं. त्याच ५६००जीवर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० लावलं तर त्याला आठ लेन आणि ८ जीबी मेमरी असल्यानं ही अडचण फारच कमी होते.

रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांतही हाच फरक आहे. नाव जवळजवळ सारखं, पण ५५०० मध्ये पीसीआय एक्सप्रेस ३.० आणि १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी), तर ५६०० मध्ये ४.० आणि ३२ एमबी. कार्ड लावायचंच असेल तर ५६०० घ्या. नव्या पिढीतही सावध राहा: रायझन ५ ८५००जी कार्डाला चारच लेन देतो, ८६००जी आणि ८७००जी आठ देतात. सोळा लेनचं कार्ड आणलंत तरी तेवढ्याच मिळणार.

इंटेलचंही तसंच. नवव्या पिढीच्या आय५-९४०० वर आर्क बी५८० लावलं तर दोन्ही इंटेल असूनही ही वाईट जोडी आहे. त्या पिढीला रिसायझेबल बारचा अधिकृत आधार नाही, वर बी५८० चा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर जास्तच भार टाकतो. तेच कार्ड रायझन ५ ७६०० वर खुलून चालतं.

आपल्या पीसीत किती लेन चालू आहेत हे जीपीयू-झेडच्या बस इंटरफेस या चौकटीत कळतं. नुसतं उघडून वाचू नका, कारण काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं आणि १.१ असा आकडा दिसतो. चौकटीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावा, मग खरा आकडा येतो. आठ लेनच्या कार्डावर एक्स४ दिसलं तर कार्ड चुकून खालच्या स्लॉटमध्ये बसलंय का ते पाहा. कार्ड प्रोसेसरच्या सर्वात जवळच्या लांब स्लॉटमध्येच हवं.

कोण अडवतंय हे कसं ओळखायचं

जोडी जुळली की नाही याचा निकाल चाचणीनं लागतो. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर हे प्रोग्रॅम लावा, ते खेळताना आकडे स्क्रीनवर दाखवतात. ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वापर, एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) आणि फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) स्क्रीनवर दाखवायला सांगा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नाहीतर सगळे आकडे फसवे येतील.

नेहमी खेळता त्या गेममध्ये गर्दीची एकच जागा निवडा आणि दोन-तीन मिनिटं फिरा. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर मर्यादा कार्डाची आहे, आणि ते चांगलंच आहे. पैसे जिथे घातले ते काम करतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर लोळत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. इथे टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण आकडा बघून फसू नका. बारा थ्रेडपैकी एक-दोन पूर्ण भरलेले असले तरी एकूण ४० टक्केच दिसतात.

खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम वाढल्या तर मर्यादा कार्डाची होती. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची, आणि अशा वेळी कितीही महागडं कार्ड आणलंत तरी त्या सेटिंगवर काही वाढणार नाही.

कंपनीचा एक खरा फरक इथे दिसतो, पण तो जोडीचा नाही, ड्रायव्हरचा आहे. जुना प्रोसेसर आणि डायरेक्टएक्स १२ चा गेम असेल तर जीफोर्सचा ड्रायव्हर रेडिऑनच्या मानानं प्रोसेसरकडून जास्त काम मागतो. म्हणून जुना चार कोअरचा इंटेल आय५ ठेवून फक्त कार्ड बदलायचं असेल तर रेडिऑनचा विचार आधी करावा. इंटेलसोबत एएमडी, आणि तीच जास्त शहाणपणाची जोडी.

प्रोसेसरवर खापर फोडण्याआधी रॅम बघा. एकच काडी असेल तर दुसरी घाला. दोन असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) सुरू केलं नसेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये निम्मा आकडा दिसतो; १६०० दिसलं म्हणजे ३२०० च आहे.

एकाच कंपनीचा थोडाफार उपयोग कुठे

लॅपटॉपमध्ये. तिथे प्रोसेसर आणि कार्ड एकाच थंडाव्यावर आणि एकाच अडॅप्टरवर जगतात. एएमडीचं स्मार्टशिफ्ट २०२० पासून वीज गरजेनुसार इकडून तिकडे वळवतं. पण एनव्हिडियाचं डायनॅमिक बूस्टही तेच करतं, आणि तेही इंटेल व रायझन दोन्हींसोबत. इंटेलनं डीप लिंक नावानं असंच काही आणलं होतं, त्यावरचं काम पुढे थांबवलं. लॅपटॉप घेताना कंपन्या जुळवण्यापेक्षा कार्डाला किती वॅट दिलेत ते विचारा. तेच कार्ड ६० वॅटवर आणि १४० वॅटवर अगदी वेगळं वागतं.

एकच कंपनी असण्याची छोटी अडचणही असते. २०२२ मध्ये रेडिऑनच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे कार्डाचं ट्यूनिंग प्रोफाइल लावताना काही जणांच्या रायझन प्रोसेसरची सेटिंग न विचारता बदलत होती, आणि एएमडीनं ते मान्यही केलं होतं. कार्डाचं ट्यूनिंग करत असाल तर त्यानंतर प्रोसेसरची बायॉसमधली सेटिंग एकदा पडताळून घ्या.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी तर मिश्र जोडीच सरस. आजचे बरेच कॅमेरे दहा-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये शूट करतात. हे फुटेज आरटीएक्स ४० पर्यंतची जीफोर्स कार्डं डीकोड करत नाहीत, पण इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सचा क्विक सिंक हा व्हिडिओचा भाग करतो. म्हणून इंटेल प्रोसेसर आणि जीफोर्स. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात अंगचं ग्राफिक्सच नसतं आणि टाइमलाइन रखडते. कूडा, म्हणजे फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारं तंत्र, लागणारं काम असेल तर जीफोर्स घ्यावं लागतं, प्रोसेसर कोणाचाही चालतो.

कंपनी बदलून कार्ड लावताना

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आधी बघा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ७६०० ला १६५, आर्क बी५८० ला १९०. चांगल्या दर्जाचा ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस या तिन्हींना पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ही कार्डं लावू नका.

जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढायला डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मधेच आपल्या मनाचा ड्रायव्हर घालतं. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पुसा, पीसी बंद करा, कार्ड बदला. क्लिप टक्क वाजेपर्यंत कार्ड दाबा, कॅबिनेटला स्क्रू लावा, आणि वीजेची पिन पूर्ण आत गेली का ते बोटानं चाचपून बघा. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टमध्ये नव्हे, कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. ती बोर्डाच्या पोर्टमध्ये राहिली तर गेम अंगच्या ग्राफिक्सवर चालू शकतो आणि नवं कार्ड नुसतं बसून राहतं. ड्रायव्हर घालून एकदा रीस्टार्ट झालं की मगच इंटरनेट परत जोडा.