उत्क्रांतीचा इतिहास सांगताना या चुका टाळा

वर्गात म्हणा, व्हिडिओत म्हणा, सगळ्यात जास्त होणारी चूक ही की १८५९ मध्ये डार्विनचं नैसर्गिक निवडीवरचं (ज्या गुणांचा फायदा होतो ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात) पुस्तक आलं आणि विषय संपला असं सांगायचं. मग कोणीतरी विचारतं, गुण पुढच्या पिढीत जातात कसे, आणि सांगणारा पटकन जीन्सचं, म्हणजे जनुकांचं, नाव घेतो. इथेच गाडी घसरते. डार्विनला जीन्स माहीतच नव्हते.

तेव्हा बहुतेकांना वाटायचं आईबापाचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन नावाच्या इंजिनिअरने नेमकं तिथेच बोट ठेवलं, की असं असेल तर एकाला मिळालेला नवा चांगला गुण चार पिढ्यांत पातळ होऊन जाईल, मग निसर्ग निवड कशाची करणार? प्रश्न खरंच अवघड होता. डार्विनने १८६८ मध्ये स्वतःची थिअरी मांडली, शरीरभरातून बारीक कण जननपेशींत जमतात अशी, ती चुकीची निघाली. हे झाकू नका, मुलांना आवर्जून सांगा.

उत्तर वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलने १८६६ मध्येच छापलं होतं: गुण डाळ-तांदळासारखे, एकत्र केले तरी दाणे वेगळेच राहतात. पण 'मेंडेलचा पेपर डार्विनकडे न उघडता पडून होता' ही गोष्ट मात्र सांगू नका, डार्विनच्या संग्रहात तो पेपर सापडलेलाच नाही.

दुसरी चूक, १९०० मध्ये मेंडेलचं विसरलेलं काम पुन्हा सापडलं आणि सगळं जुळलं असं सांगायचं. अहो, उलट भांडण लागलं! मेंडेलवाले म्हणायचे वाटाणा पिवळा नाहीतर हिरवा, मधलं काही नाही, म्हणजे बदल उड्या मारत होतो, आणि समोरचे, म्हणजे बदल हळूहळू होतो म्हणणारे, माणसांच्या उंचीची मापं दाखवायचे, जिथे सगळं मधलंच असतं. १९१८ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की एकाच गुणावर बरेच जीन्स थोडाथोडा परिणाम करत असतील तर दोघंही बरोबर. मेंडेल आणि डार्विन यांना जोडण्याचं पुढचं काम त्याने, राइटने आणि हॉल्डेनने केलं (हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही).

'माकडापासून माणूस झाला' हे तर नकोच, आजची माकडं आपली लांबची भावंडं.

आणि तिथेच थांबूही नका. १९६८ मध्ये किमुरा या जपानी शास्त्रज्ञाने मांडलं की डीएनएमधले टिकलेले बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते नुसत्या योगायोगाने पसरतात, त्यावर वाद चांगलाच झाला. त्यामुळे एखाद्या बदलाचा उपयोग काय असं कोणी विचारलं तर ओढूनताणून उपयोग शोधू नका, काहीच नसेल असंही सांगा.