गरोदरपणात ताप आणि हळदीची कॅप्सूल : या चुका टाळा

‘हळदीतलं, लिंबातलं अँटिऑक्सिडंट पोटातल्या बाळाला संसर्गाच्या परिणामांपासून वाचवतं’ असा मेसेज पावसाळा लागला की फिरायला लागतो. तो पूर्ण खोटा नाही, पण त्यावरून लोक करतात ते बरंचसं चुकीचं.

मुळात या मेसेजमागचा प्रयोग काय होता? २००९ साली साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी गाभण उंदरांना इंटरल्युकिन-६ टोचलं. आजारपणात आईच्या शरीरात वाढणारं हे रसायन. ते गर्भाच्या मेंदूच्या घडणीत ढवळाढवळ करतं, आणि अशा आयांची पिल्लं इतर उंदरांत नीट मिसळत नव्हती. आईला ल्युटिओलिन (ढोबळी मिरचीत, सेलरीत असतं) किंवा डायोस्मिन (लिंबू-संत्र्याच्या जातीत) ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं दिली, तर पिल्लांतला हा दोष कमी झाला. म्हणजे इथे जंतू नव्हताच! वनस्पतींतल्या त्या द्रव्यांनी फक्त इंटरल्युकिनचा पेशींना जाणारा निरोप अडवला. आणि हे सगळं उंदरांत.

यातूनच सगळ्यात घातक चूक होते : काढा पिऊन ताप अंगावर काढणं. आमच्या नात्यातली एक मुलगी सातव्या महिन्यात तीन दिवस हळद-दूध आणि गवती चहावर होती. सासूबाई म्हणत होत्या, ‘उष्णता झालीय, उतरेल.’ निघाला लघवीचा संसर्ग. त्याला अँटिबायोटिकच लागतं, हळद तिथे काय करणार? थर्मामीटर १००.४ दाखवत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तोवर पॅरासिटामॉल चालतं का, तेही त्यांनाच विचारा. घरातली आयब्युप्रोफेन मात्र मनाने घेऊ नका. डेंग्यूची शंका असेल तर मुळीच नाही.

दुसरी चूक कॅप्सूलची. हळदीत करक्युमिन (तिच्यातलं मुख्य द्रव्य, कॅप्सूलमध्ये हेच असतं) साधारण ३ टक्के. भाजीतल्या पाव ग्रॅम चिमटीत ७-८ मिलिग्रॅम. ‘५०० मिलिग्रॅम’ लिहिलेली एक गोळी म्हणजे साठ-सत्तर चिमटी एका घोटात, वर शोषण वाढावं म्हणून मिऱ्यांचा अर्क. हा अर्क इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल तक्रार नाही, ती नेहमीसारखी घाला. गोळी आधीच सुरू केली असेल तर घाबरू नका, बंद करा आणि डबी पुढच्या तपासणीला घेऊन जा.

‘जीवनसत्त्वच आहे, नुकसान काय होणार?’ हेही ऐकू येतं. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत जोखमीच्या गरोदर बायकांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. रक्तदाबाचा त्रास टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली.

ग्रीन टी दिवसभर ढोसू नका, त्यातली द्रव्यं फॉलिक ॲसिडच्या आड येतात. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. आवळा, पेरू, पालेभाजी ताटात असू द्या.

आणि ज्यांना ताप येऊन गेलाय त्यांनी हे लेख वाचून रात्र रात्र जागू नये. तापून बऱ्या झालेल्या बहुतेक आयांची बाळं ठणठणीत असतात. पुढच्या सोनोग्राफीला तो ताप किती दिवस होता, किती चढला, एवढं सांगा म्हणजे झालं.