मतमोजणीच्या दिवशी दूरचित्रवाणीवरचा निकाल कसा वाचावा

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर आघाडी-पिछाडीचे आकडे धावू लागतात, आणि त्या क्षणी बहुधा एकाही मतदान यंत्राचे सील निघालेले नसते. पुढचे चार-पाच तास कोण पुढे आहे हे मोठ्या अक्षरांत दिसत राहते. किती मते मोजायची उरली आहेत हे मात्र क्वचितच दाखवले जाते. निकाल वाचायचा असेल तर हा दुसरा आकडा स्वतः शोधावा लागतो. तो कुठे सापडतो आणि त्याचा उपयोग कसा करायचा, हे समजून घेतले की घरबसल्या वाहिनीच्या निवेदकापेक्षा शांतपणे आणि बरेचदा अधिक अचूकपणे निकाल पाहता येतो.

आदल्या रात्रीची तयारी

एका कागदावर सभागृहाची एकूण सदस्यसंख्या आणि बहुमताचा आकडा लिहून ठेवावा: महाराष्ट्र विधानसभेसाठी २८८ आणि १४५, गोव्यासाठी ४० आणि २१, लोकसभेसाठी ५४३ आणि २७२. त्याखाली पाच-सहा मतदारसंघ निवडावेत. त्यांत एक आपला स्वतःचा असावा आणि बाकीचे मागच्या वेळी थोडक्यात सुटलेले असावेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यमध्ये १६२, साकोलीत २०८ आणि बेलापूरमध्ये ३७७ मतांनी निकाल लागला होता. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे अशा जागांवर आधी कळते. निवडलेल्या प्रत्येक मतदारसंघासमोर मागचा विजेता, त्याचे मताधिक्य आणि मतदान केंद्रांची संख्या लिहावी. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सर्वसाधारणपणे एका विधानसभा मतदारसंघासाठी चौदा टेबले मांडली जातात आणि एका फेरीत चौदा केंद्रांची यंत्रे मोजली जातात. केंद्रांच्या संख्येला चौदाने भागले की एकूण किती फेऱ्या होणार याचा अंदाज मिळतो.

वाहिनी एकच ठरवावी. चार वाहिन्या आलटून पालटून पाहिल्याने माहिती चौपट होत नाही, गोंधळ मात्र होतो. शिवाय पडद्याचा मोठा भाग जाहिरातींनी आणि धावत्या पट्ट्यांनी व्यापलेला असतो, त्याचे पैसे आपणच दरमहा भरतो ही वेगळी तक्रार. दूरचित्रवाणीच्या जोडीला मोबाइलवर निवडणूक आयोगाचे निकालांचे संकेतस्थळ (रिझल्ट्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन) उघडून ठेवावे. ते वाहिनीच्या मागे असते, कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेरीचे आकडे तपासून मान्य केल्यावरच ते तिथे चढतात. पण वाहिनीवर नसलेली एक गोष्ट तिथे असते: प्रत्येक मतदारसंघासमोर १२/२५ अशा स्वरूपात, एकूण किती फेऱ्यांपैकी कितवी फेरी झाली हे लिहिलेले असते.

पहिला तास

आठ वाजता टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि त्यानंतर अर्ध्या तासाने यंत्रांची. टपाली मते देणाऱ्यांत सैन्यदलांतील मतदार, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, घरून मतदान केलेले ८५ वर्षांवरील नागरिक आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार असतात. हा गट लहान असतो आणि संपूर्ण मतदारसंघासारखा नसतो. त्यामुळे साडेआठच्या आधी जे कल दाखवले जातात ते एक तर या गटाचे असतात किंवा त्यांचा स्रोत सांगता येण्यासारखा नसतो. तेवढा वेळ चहा-नाश्त्यात घालवावा.

मात्र अटीतटीच्या लढतीत हीच टपाली मते शेवटी निर्णायक ठरू शकतात. ४ जून २०२४ रोजी मुंबई वायव्य मतदारसंघात यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने नियम बदलला असून आता टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांच्या मोजणीची उपान्त्य (शेवटून दुसरी) फेरी सुरू करता येत नाही. त्यामुळे शेवटच्या दोन फेऱ्यांआधी मोजणी काही काळ थांबलेली दिसली, तर लगेच संशय घेण्याचे कारण नाही.

फेऱ्यांचे गणित

आघाडीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समजा एका मतदारसंघात ३५० मतदान केंद्रे आहेत, म्हणजे पंचवीस फेऱ्या होतील; एका फेरीत सरासरी नऊ हजार मते धरली तर एकूण सव्वादोन लाख मते मोजायची आहेत. पाचव्या फेरीनंतर एखादा उमेदवार सहा हजारांनी पुढे असेल तर निवेदकाच्या आवाजाला धार चढते. पण अजून १ लाख ८० हजार मते उरलेली असतात, आणि त्यांत प्रतिस्पर्ध्याने सव्वातीन-साडेतीन टक्के मते जास्त मिळवली की आघाडी संपते. हीच सहा हजारांची आघाडी एकविसाव्या फेरीनंतर असेल तर उरलेल्या ३६ हजार मतांत प्रतिस्पर्ध्याला जवळजवळ सतरा टक्के मतांची सरशी लागेल, आणि तसे सहसा घडत नाही. म्हणून दर वेळी आघाडीला उरलेल्या अंदाजे मतांनी भागावे. भागाकार तीन-चार टक्क्यांच्या आत असेल तर लढत चालू आहे असे समजावे. दहा टक्क्यांच्या वर गेला तर बहुतेक वेळा ती संपलेली असते.

‘बहुतेक वेळा’ म्हणण्याचे कारण भूगोलात आहे. मतदान केंद्रांना क्रमांक देताना शेजारची गावे आणि वस्त्या सहसा लागोपाठ येतात, आणि यंत्रेही त्याच क्रमाने टेबलावर येतात. त्यामुळे पहिल्या पाच फेऱ्या म्हणजे सगळ्या मतदारसंघाचा नमुना नसून त्याचा एक कोपरा असतो. तालुक्याचे शहर आधी मोजले गेले तर शहरात ताकद असलेला उमेदवार पुढे दिसतो, आणि गावांची पाळी आली की चित्र पालटते. अशा वेळी ‘मोठा उलटफेर’ अशी पट्टी झळकते, पण त्या मतदारसंघातल्या जुन्या कार्यकर्त्याला ते आधीच ठाऊक असते. ‘आता कोणत्या भागाची पेटी चालू आहे?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. पेट्या जाऊन यंत्रे आली तरी बोलण्यात पेटी राहिली, आणि प्रश्न अजूनही तोच योग्य आहे. आपल्या मतदारसंघाची केंद्रांची यादी जवळ असेल तर हा प्रश्न आपल्यालाही विचारता येतो.

लोकसभेच्या निकालात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात, प्रत्येकाची मोजणी स्वतंत्र टेबलांवर होते आणि त्यांच्या फेऱ्यांची संख्या वेगवेगळी असते. बारामतीत २०२४ साली सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या, तरी शहरी खडकवासला क्षेत्रात सुनेत्रा पवार पुढे होत्या. फक्त खडकवासल्याचे आकडे पाहणाऱ्याने निकाल उलटा सांगितला असता. म्हणून लोकसभेच्या वेळी ‘आघाडी किती’ याबरोबर ‘कोणत्या क्षेत्राच्या किती फेऱ्या झाल्या’ हेही पाहावे.

राज्यपातळीवरचे उदाहरण ८ ऑक्टोबर २०२४ चे आहे. हरियाणात सकाळच्या कलांत काँग्रेस ४६ या बहुमताच्या आकड्याच्या बरीच पुढे दिसत होती. काही ठिकाणी मिठाईही वाटून झाली होती. अखेर भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ जागा मिळाल्या. दोन्ही पक्षांच्या मतांच्या टक्केवारीत एका टक्क्याहूनही कमी अंतर होते. इतक्या चुरशीच्या राज्यात पहिल्या दोन तासांच्या कलांना फारसा अर्थ नसतो.

बेरजेच्या तक्त्यातल्या फटी

पडद्याच्या खाली पक्षनिहाय किंवा आघाडीनिहाय बेरीज असते. ती पाहताना आधी सगळे आकडे मिळवून एकूण किती जागांचे कल आले आहेत ते काढावे. २८८ पैकी ११० जागांचेच कल आलेले असताना कोणाला ६५ जागा दाखवल्या, तर तो बहुमताकडे ‘घोडदौड’ करत आहे की नाही हे सांगता येत नाही.

दोन वाहिन्यांच्या आघाडीनिहाय बेरजा जुळत नसतील तर बंडखोर आणि अपक्षांकडे पाहावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. ते काँग्रेसचे बंडखोर होते आणि निकालानंतर त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला. त्यामुळे महाविकास आघाडीच्या जागा काही ठिकाणी ३० आणि काही ठिकाणी ३१ अशा दिसत. दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर होते. त्याच निवडणुकीत महायुतीला १७ जागा मिळाल्या, पण राज्यातल्या एकूण मतांच्या टक्केवारीत दोन्ही बाजूंमधले अंतर एका टक्क्याच्या आत होते. ‘लाट’ हा शब्द ऐकू आला की जागांबरोबर मतांची टक्केवारी तपासावी. सर्वांत जास्त जागा मिळालेला पक्षच सरकार स्थापन करेल असेही गृहीत धरू नये. गोव्यात २०१७ साली काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या होत्या, आणि मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर झाले.

मतदानोत्तर चाचण्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. तो कार्यक्रम मालिकेसारखा पाहावा आणि मतमोजणीच्या कागदावर त्याचे आकडे लिहू नयेत.

सगळे मोजून झाले तरी निकाल का येत नाही

दुपारी शेवटची फेरी होते, आघाडी स्पष्ट असते, तरी संकेतस्थळावर ‘विजयी’ असे येत नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच मतदान केंद्रे चिठ्ठ्या काढून निवडली जातात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटमधल्या (प्रत्येक मताची पावती छापणाऱ्या जोडयंत्रातल्या) कागदी पावत्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या एकावरून पाचवर नेली. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पावत्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते. काही यंत्रांच्या पडद्यावर आकडे उमटत नाहीत, तेव्हा ती बाजूला ठेवली जातात. विजयाचे अंतर त्या यंत्रांतल्या मतांपेक्षा जास्त असेल तर ती मोजण्याची गरज पडत नाही, अन्यथा त्यांच्या पावत्या मोजल्या जातात.

अंतर अगदीच कमी असेल तर पराभूत उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी निकाल जाहीर होण्यापूर्वी फेरमोजणीसाठी लेखी अर्ज करू शकतो. तो सकारण असावा लागतो आणि तो मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. बाद टपाली मतांची संख्या विजयाच्या अंतराहून जास्त असेल तर ती सगळी पुन्हा तपासावी लागतात. मते समसमान झाली तर चिठ्ठी टाकली जाते. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच लागला. निकाल जाहीर झाल्यावर आव्हान द्यायचे असेल तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, त्यामुळे त्या संध्याकाळी वाहिनीवर चाललेल्या ‘फेरमतदान होणार का’ या चर्चेसाठी जेवण लांबवू नये.

‘नोटा’चा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचा, आकडा पाहण्यासारखा असतो, पण त्याने निकाल बदलत नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, तरी विजय सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराचाच झाला. ‘अनामत जप्त’ हा शब्द मात्र काटेकोर आहे: एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मते न मिळाल्यास अनामत रक्कम जाते, आणि ही वैध मते मोजताना नोटा धरला जात नाही.

महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचे निकाल आयोगाच्या त्या संकेतस्थळावर शोधू नयेत. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथले नियमही वेगळे आहेत. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, सभागृहात २२७ जागा आणि बहुमत ११४ वर. इतर महापालिकांत एका प्रभागात अ, ब, क, ड अशा अनेक जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो, म्हणून ‘प्रभागात आघाडी’ असे ऐकले तर कोणत्या जागेची ते विचारावे.

निकालानंतर

ज्यांना आपल्या भागाने कोणाला मत दिले हे खरोखर जाणून घ्यायचे आहे त्यांनी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येणारा फॉर्म २० पाहावा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते मिळाली हे ओळीने दिलेले असते. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष फॉर्म १७ सी मध्ये एकूण पडलेल्या मतांची नोंद करतो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतो. ओळखीच्या कार्यकर्त्याकडे ती प्रत असेल तर तिच्यातला एकूण आकडा फॉर्म २० मधल्या त्याच केंद्राच्या बेरजेशी ताडून पाहता येतो. सुरुवात आपल्या केंद्रापासून करावी, मग शेजारच्या पाच केंद्रांची बेरीज करावी, आणि मतमोजणीच्या सकाळी आपल्या भागाची यंत्रे कितव्या फेरीत आली असतील हे चौदाने भागून काढावे.