तीन किलोचा वर्कस्टेशन लॅपटॉप गोव्यात कसा पारखावा

मोठा वर्कस्टेशन लॅपटॉप घेताना माहितीपत्रकातल्या तीन गोष्टी डोळ्यांत भरतात: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम. काम वेळेत उरकणार की नाही हे ठरवणारा आकडा तिथे बहुधा नसतोच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम, सलग अर्धा तास, किती वॅटवर तग धरतात, हा तो आकडा. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स २००० एडा’ या लॅपटॉप कार्डाला लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ ते १४० वॅटमधली कुठलीही मर्यादा घालू शकते. पातळ यंत्रात ते अर्धपोटी राहतं, जाड यंत्रात पोटभर जेवतं, आणि स्टिकर मात्र दोन्हीवर एकच. नावाचा आणखी एक चकवा आहे. ‘आरटीएक्स ५००० एडा’च्या डेस्कटॉप कार्डात ३२ जीबी मेमरी असते, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात १६.

आधी आपलं काम मोजा

दुकानात जाण्यापूर्वी सध्याच्या संगणकावर आपली सर्वांत जड फाइल उघडा आणि टास्क मॅनेजरचं परफॉर्मन्सचं पान समोर ठेवून नेहमीचं काम करा. रॅम किती भरली, ग्राफिक्सची मेमरी किती भरली, प्रोसेसरचे सगळे कोअर राबतात की एकच, हे लिहून ठेवा. रेव्हिट किंवा ऑटोकॅडवर घरांचे आराखडे काढणाऱ्याला एका कोअरचा वेग आणि भरपूर रॅम लागते, महागडं कार्ड बरंचसं बसून राहतं. तोच आराखडा ल्युमियनमध्ये (इमारतींची खरी वाटणारी चित्रं बनवणारं सॉफ्टवेअर) नेऊन रेंडर करायचा, म्हणजे त्याचं पक्कं चित्र काढायचं, तर सगळा भार ग्राफिक्सच्या मेमरीवर येतो आणि ८ जीबी लवकर संपतात. मेमरी संपली की काम नुसतं हळू होत नाही, अनेकदा प्रोग्रामच बंद पडतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चालतात तशी गणितं रात्रभर चालवायची असतील तर ईसीसी रॅमचा, म्हणजे मेमरीतल्या चुका स्वतःच सुधारणाऱ्या रॅमचा, विचार करावा. त्यासाठी प्रोसेसर, चिपसेट आणि रॅम तिघांचीही साथ लागते, म्हणून विक्रेत्याच्या तोंडी होकारावर न जाता ऑर्डरच्या कागदावर तसं लिहून घ्या.

गोव्यातल्या लग्नांचं चित्रण करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आजचे बरेच कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ प्रकारात १० बिट ४:२:२ चित्रण करतात, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवतात. एनव्हिडियाची एडा पिढीपर्यंतची (वरच्या नावांतलं ‘एडा’ तेच) कार्डं हा प्रकार हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स मात्र ते सहज करतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘फक्त वेगळं कार्ड’ असा पर्याय निवडला असेल तर इंटेलचा भाग बंद होतो आणि लाखोंच्या यंत्रावर टाइमलाइन अडखळत चालते. दोष यंत्राचा नसतो. पर्याय पुन्हा ‘हायब्रिड’ करा आणि तीच क्लिप परत चालवून बघा.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रमाणपत्राचं किती मनावर घ्यायचं? सॉलिडवर्क्ससारख्या यांत्रिक आरेखनात, किंवा वास्कोच्या बाजूला जहाजबांधणीचं काम करणाऱ्यांना, प्रमाणित कार्ड आणि ड्रायव्हर यांचा खरा उपयोग आहे. काही सोयी त्याशिवाय चालूच होत नाहीत आणि अडचण आली तर सपोर्टवाले पहिला प्रश्न तोच विचारतात. ब्लेंडर किंवा दाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याच किमतीत चांगला गेमिंग लॅपटॉप जास्त काम करतो, हे विक्रेता सांगणार नाही.

अर्ध्या तासाची चाचणी

सोबत तीन वस्तू न्या: आपली फाइल असलेली बाहेरची एसएसडी, एचडब्ल्यूइन्फो (वॅट आणि तापमान दाखवणारं), सिनेबेंच (प्रोसेसरची परीक्षा घेणारं) आणि ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं) ही सॉफ्टवेअरं टाकलेला पेनड्राइव्ह, आणि सॉकेटमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर. लॅपटॉप त्याच्यासोबत आलेल्या चार्जरलाच जोडा, विंडोजमध्ये सर्वाधिक कामगिरीचा पर्याय निवडा आणि कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला पंख्याचा पर्यायही वरचा ठेवा. हा दुसरा पर्याय विसरला की चांगलं यंत्रही मरगळलेलं वाटतं.

१. एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सरसाठी उघडा. प्रोसेसरचे एकूण वॅट, कार्डाचे वॅट, दोघांची तापमानं आणि थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग कमी केल्याची) ओळ समोर ठेवा. बॅटरी किती टक्के आहे ते लिहा.

२. सिनेबेंच आर२३ एकदाच चालवून आकडा टिपा. मग त्यातलाच ३० मिनिटांचा पर्याय लावा आणि शेवटचा आकडा पहिल्याशी ताडून पाहा. दहा-बारा टक्क्यांची घसरण चालेल. पाव हिस्सा गेला तर थंडाव्याची व्यवस्था त्या प्रोसेसरला पुरी पडत नाही.

३. आता ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडर लावा आणि त्याच वेळी सिनेबेंच पुन्हा सुरू करा. निदान १५ मिनिटं दोन्ही चालू द्या.

या तिसऱ्या पायरीत यंत्राची खरी ओळख पटते. प्रोसेसर ६० वॅटवर आणि कार्ड ११० वर स्थिर राहिलं, तर पडदा-पंखे धरून २०० वॅट झाले, म्हणजे २३० वॅटचा चार्जर पुरेसा आहे. चार्जर लावलेला असूनही बॅटरीचे टक्के उतरले, तर तो कमी पडतोय. मोठा चार्जर मिळतो का आणि त्या मॉडेलला चालतो का, ते तिथल्या तिथे विचारा.

तापमानाने घाबरून जायचं कारण नाही. इंटेलचे एचएक्स, म्हणजे मोठ्या लॅपटॉपसाठीचे ताकदवान, प्रोसेसर भार पडताच १०० अंशांना टेकतात. त्यांची मर्यादाच तिथे आखलेली आहे. पाहायचं ते त्या १०० अंशांवर वॅट किती शिल्लक राहतात हे. पणजीच्या दुकानात एसी २२ वर असतो. तुमच्या म्हापशाच्या घरी मे महिन्यात पंख्याखाली ३३ अंश असतील. त्या अकरा अंशांचं ओझं यंत्रावर पडतंच, आणि तापमान आधीच छताला लागलेलं असल्यामुळे ते वाढत नाही, वॅट उतरतात. दुकानदाराला एसी बंद करायला सांगता आलं तर उत्तम. नाहीतर दुकानात आलेल्या आकड्यांतून थोडं वजा करूनच घराचा हिशेब करा.

चाचणी चालू असताना तळवे टेकतात ती जागा आणि अंकांच्या कळा हात लावून पाहा. पंख्याचा आवाज किती यापेक्षा तो कसा आहे ते ऐका. एकसुरी घरघर कान विसरतो, वरखाली होणारी शीळ विसरत नाही.

रॅम, डिस्क, पडदा

चार स्लॉटांच्या यंत्रात चारही भरले की डीडीआर५ प्रकारच्या रॅमचा वेग उतरतो. ५६०० ची रॅम काही यंत्रांत ४००० किंवा त्याहूनही खाली चालते. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चार पट्ट्यांऐवजी ३२ च्या दोन घ्या. काही मॉडेलांत दोन स्लॉट कीबोर्डखाली असतात, तिथे पोचायला यंत्र बरंच खोलावं लागतं. कंपनीकडून त्याच दोन भरून घ्या आणि तळाकडचे पुढच्या वाढीसाठी मोकळे ठेवा.

एसएसडीसाठी आकडे दाखवणाऱ्या चाचणीवर भिस्त ठेवू नका, ती सुरुवातीच्या कॅशमध्येच, म्हणजे डिस्कच्या छोट्या वेगवान भागातच, आटोपते. दोनशे जीबीची फोल्डर एका एसएसडीवरून दुसरीवर टाका आणि वेगाचा आलेख मध्येच कोसळतो का ते बघा.

पडदा १६:१० चा आणि ३८४० बाय २४०० चा असेल तर आराखड्याला जागा मिळते. चित्रपटाचं रंगकाम करणाऱ्याने डीसीआय-पी३ या सिनेमाच्या रंगपट्ट्याची व्याप्ती पाहावी, बाकीच्यांना एसआरजीबी हा नेहमीचा रंगपट्टा पूर्ण असला की पुरेसा आहे. ओलेड दिसायला सुरेख असतो, पण दिवसाचे दहा तास एकाच जागी तीच टूलपट्टी राहिली तर तिचा डाग उमटण्याची भीती असते. व्हरांड्यात बसून काम करायची सवय असेल तर चकचकीत पडदा टाळाच.

वजन तीन किलोच्या आसपास, चार्जर जवळपास आणखी एक किलो. पायलटच्या (गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून रोज पणजी गाठायची असेल तर ते पाठीवर घेऊन एकदा चालून बघा. विमानासाठी बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत असली की वेगळी परवानगी लागत नाही, आणि मोठ्या यंत्रांच्या बॅटऱ्या मुद्दाम त्याच मर्यादेखाली बनवतात. बॅटरीवर रेंडर करायची आशा धरू नका, कार्डाचे वॅट तिथे मुद्दाम तोडलेले असतात. यंत्र कायम चार्जरलाच राहणार असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा.

वीज, दमट हवा आणि खारा वारा

धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. चार्जरमधल्या गाळणीचे कपॅसिटर अर्थच्या तारेवर अवलंबून असतात. ती तार मोकळी राहिली की लॅपटॉपच्या अंगावर जवळपास निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण ऑडिओमध्ये गुणगुण येते आणि मॉनिटर जोडताना ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. जुन्या घरांत दोनच तारांची वायरिंग अजून सापडते. तिथे दोन पिनांचा अडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नका. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थमध्ये पूर्ण व्होल्टेज येतो का ते मोजून घ्या. चिऱ्याच्या जमिनीत मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत जा.

पावसाळ्यात वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, मॉनिटर, राउटर आणि बाहेरची डिस्क बंद पडतात. चालू असलेली कॉपी तिथेच बिघडते. १००० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह यूपीएस घ्या. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोठे चार्जर गुरगुरतात आणि तापतात.

जून-जुलैच्या हवेत इतकी वाफ असते की २२ अंशांच्या खोलीतून बाहेर काढलेल्या थंड धातूवर पाणी धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा, मगच यंत्र चालू करा. मिरामार किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्याजवळ राहत असाल तर धुळीबरोबर मीठही पंख्यांत जाऊन बसतं. वर्षातून एकदा, पाऊस ओसरल्यावर, ते आतून साफ करून घ्या. चवथीच्या सुट्टीत आठ दिवस गावी जाताना यंत्र कपाटात कोंडलं तर बॅगेवर बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या टाका.

दुरुस्ती आणि कागद

या यंत्रांत प्रोसेसर मदरबोर्डलाच जोडलेला असतो, बहुतेकांत ग्राफिक्सही. एक गेलं की पूर्ण बोर्ड बदलावा लागतो. म्हणून तीन वर्षांची घरपोच वॉरंटी ही चैन समजू नका. तुमच्या पिनकोडला तंत्रज्ञ खरोखर येतो का, आणि सुटा भाग कुठल्या शहरातून येतो, हे लेखी विचारा. ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे भाग पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, असा अर्थ पुष्कळदा निघतो.

जीएसटी १८ टक्के. गोव्यातल्या विक्रेत्याकडून घेतलं तर केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ, दुसऱ्या राज्यातून मागवलं तर एकच आयजीएसटी. नोंदणीकृत व्यावसायिकाला दोन्हींचं क्रेडिट मिळतं. फक्त आपला जीएसटी क्रमांक बिल फाडण्याआधी द्या.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर बायोसमध्ये शिरून पासवर्ड विचारतो का पाहा. मग विंडोज पूर्ण रिसेट करून इंटरनेट जोडा. सुरुवातीच्या पानावर एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन आलं, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. कितीही स्वस्त असलं तरी परत करा.

नवीन यंत्र घरी आलं की पहिल्या दोन दिवसांत रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा, आपला मॉनिटर आणि डॉक (जादा पोर्टांचा डबा) जोडून पाहा, आणि झाकण मिटून बॅगेत ठेवल्यावर यंत्र खरोखर झोपतं की आतल्या आत तापत राहतं हे तासाभराने हात लावून तपासा. परत देण्याची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात की डबा हाती पडल्यापासून, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.