आवडता पिक्चर दुसऱ्याला सांगायचा कसा

"तुझा आवडता पिक्चर कुठला?" असं कोणी विचारलं की नाव पटकन तोंडावर येतं, पण पुढे "का आवडतो?" म्हटलं की बहुतेक सगळे "अरे कसला भारी आहे, बघच तू एकदा" इथे येऊन थांबतात. आणि समोरचा काही तो बघत नाही. मला याचं फार वाईट वाटायचं, कारण जो पिक्चर आपण पाच-सात वेळा बघितलाय, जो आठवला तरी पोटात काहीतरी होतं, तो असा "भारी आहे" मध्ये संपून जातो.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मानपाड्याच्या पुढे. सोसायटीत गेली दोन वर्षं महिन्यातल्या एका शनिवारी दहा-बारा जण गच्चीवर जमतो आणि दोघं-तिघं आपापला आवडता पिक्चर सांगतात. दाखवत नाही हां, टीव्ही नाही प्रोजेक्टर नाही, फक्त सांगायचा. त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे लिहितेय. तुमच्या घरी, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, तलावपाळीवर बसून, कुठेही चालेल.

सगळ्यात आधी एकच पिक्चर निवडा. टॉप टेन नको. दहा नावं सांगितली की ऐकणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. आणि निवडताना चांगला कुठला, मोठा कुठला हे डोक्यातून काढून टाका, मी एक साधी गोष्ट बघते, टीव्हीवर अर्ध्यातून लागलेला दिसला तरी हातातलं काम सोडून मी कुठल्या पिक्चरला थांबते? तोच आपला. लोकांसमोर सांगायचाय म्हणून पुरस्कारवाला पिक्चर उचलू नका, तुमचा जीव त्यात नसेल तर ते दोन मिनिटांत कळतं.

आता "का". हे खरं काम आहे आणि याला वेळ द्या. पहिलं जे कारण सुचतं ते साधारणपणे सगळ्यांचंच असतं. आमच्याकडे एक दादा आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, त्यांचा आवडता "अशी ही बनवाबनवी". 1988 चा पिक्चर, आता त्यातले डायलॉग कोणाला पाठ नाहीत? तर त्यांनी सुरुवात केली की कॉमेडी आहे, अशोक सराफ आहे, लक्ष्या आहे, सचिन आहे, हसून हसून पुरेवाट होते. बरोबर आहे, पण हे गच्चीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मग कोणीतरी विचारलं की कॉमेडी तर खूप आहेत, हाच का? ते थोडे थांबले आणि म्हणाले, मी नोकरीला ठाण्यात आलो तेव्हा कळव्याला खोली शोधत होतो, एकटा मुलगा म्हणून कोणी दारात उभं करत नव्हतं, फॅमिली आहे का हाच पहिला प्रश्न. महिनाभर मित्राच्या खोलीवर जमिनीवर झोपलो. आणि या पिक्चरमध्ये चार पोरांना जागा नाही, मालकीण जोडप्यांनाच जागा देणार म्हणून दोघांना साड्या नेसून बायका बनावं लागतं, सगळी धमाल तिथून सुरू होते. ते म्हणाले, मी हसतो ना तेव्हा ती खोली आठवून हसतो. हे ऐकल्यावर मी तो पिक्चर परत लावला, आणि खरंच सांगते, तीस वेळा बघितलेल्या त्या गोष्टीत मला पहिल्यांदा भाड्याच्या खोलीची काळजी दिसली.

तर स्वतःला "का" तीनदा विचारा. आवडतो, का? कॉमेडी म्हणून. कॉमेडीच का? त्यातले मित्र आवडतात म्हणून. ते मित्र का आवडतात? इथपर्यंत आलात की साधारण खरं कारण सापडतं, आणि ते बहुतेक वेळा पिक्चरमध्ये अर्धं आणि तुमच्यात अर्धं असतं. कागदावर लिहून काढलंत तर अजून बरं, बोलताना माणूस पहिल्या कारणावरच घुटमळतो.

मग त्या कारणाला धरून एक सीन घ्या. एकच. स्टोरी सांगत बसू नका, स्टोरी सांगायला लागलं की "मग ती तिकडे जाते, मग तो येतो, मग काय होतं की" असं वीस मिनिटं चालतं आणि ऐकणारे मोबाईल काढतात. स्टोरी दोन वाक्यांत, बाकी सगळा वेळ सीनला. सीन सांगताना कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, आवाज कसला येतोय, हे सांगा. "खूप इमोशनल सीन आहे" असं म्हणू नका, त्याने समोरच्याला काही दिसत नाही.

माझंच सांगते. माझा पिक्चर "किल्ला". 2015 मध्ये थिएटरला लागला होता, त्याआधी 2014 ला बर्लिनच्या फेस्टिव्हलला लहान मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला होता. मी सांगते तेव्हा दोन वाक्यांत सांगते: अकरा वर्षांचा चिन्मय, वडील गेलेत, आईची सरकारी नोकरी, तिची बदली कोकणातल्या छोट्या गावात होते आणि त्याला पुण्याची शाळा सोडून तिथे जावं लागतं. बस. मग सीन. पोरं सायकली काढून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळायला लागतो, आणि नवीन झालेले मित्र चिन्मयला तिथेच सोडून निघून जातात. तो त्या दगडी भिंतींमध्ये एकटा, वर पाऊस, हाका मारतोय आणि उत्तर नाही. मी सातवीत असताना आम्ही अलिबागहून ठाण्याला आलो, वर्गात पहिल्या महिन्यात मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन जिन्याखाली बसायचे कारण कुठल्या घोळक्यात जाऊन बसायचं ते कळायचं नाही. मला कोणी वाईट वागवलं नव्हतं, फक्त विसरायचे. चिन्मयच्या त्या हाकेत मला तो जिना ऐकू येतो, म्हणून तो माझा पिक्चर.

इथे एक गोष्ट. माहिती सांगायची की नाही? दिग्दर्शक कोण, साल कुठलं, पुरस्कार किती, ही यादी वाचून दाखवली तर रटाळ होतं, पण माहिती सीनला चिकटत असेल तर जरूर सांगा. किल्लाचे दिग्दर्शक अविनाश अरुण हेच त्याचे कॅमेरामन पण आहेत. हे मी सांगते, कारण त्या पिक्चरमधला पाऊस, ओली वाट, भिंतीवरचं शेवाळ हे सगळं इतकं जवळून दिसतं की बघताना कपडे दमट वाटतात, आणि गोष्ट सांगणारा आणि कॅमेरा धरणारा माणूस एकच आहे म्हटल्यावर ते का तसं दिसतं ते ऐकणाऱ्यालाही पटतं. बर्लिनचं मी बहुतेक वेळा सोडूनच देते.

सांगायच्या आदल्या दिवशी तो सीन परत बघून घ्या, हे मी कळकळीने सांगते. आपल्या डोक्यातला सीन आणि पडद्यावरचा सीन यात फरक पडलेला असतो, रंग बदललेले असतात, माणसं इकडची तिकडे झालेली असतात. आणि परत बघताना एखादी नवीन गोष्ट सापडतेच.

खालच्या मजल्यावरची एक मुलगी आहे, ऐरोलीला कंपनीत जाते, ठाणे-वाशी लोकलने रोजचं येणंजाणं. तिने "कोर्ट" सांगितला, चैतन्य ताम्हाणेचा. लोकशाहीर नारायण कांबळेवर केस चालू आहे आणि कोर्ट एकामागून एक तारखा देतंय, हे तिने एका दमात सांगितलं. तिचा सीन मात्र कोर्टातला नव्हताच. जी सरकारी वकील बाई कोर्टात जुन्या कायद्याची कलमं वाचून दाखवते तीच संध्याकाळी लोकलने घरी जाते, शेजारच्या बाईशी गप्पा मारते, मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. मुलगी म्हणाली, मला तिचा राग यायला हवा होता आणि येत होता, पण ट्रेनमध्ये ती अगदी माझ्या शेजारी बसणाऱ्या काकूंसारखी होती, मला तिला नुसतं वाईट म्हणून सोडून देता येईना. त्या दिवशी गच्चीवर रात्री अकरापर्यंत यावरच बोलणं चाललं. त्या शनिवारचे बाकीचे दोन पिक्चर पुढच्या महिन्यावर गेले.

वेळ किती? पाच ते सात मिनिटं. मोबाईलवर टायमर लावून घरी एकदा बोलून बघा.

शेवट सांगायचा का? आधी विचारा, कोणी बघायचं राहिलंय का. एकानेही हात वर केला तर शेवट सांगायचा नाही, पिक्चर कितीही जुना असू दे. आमच्यात एकदा "सैराट"चा शेवट कोणीतरी बोलण्याच्या ओघात सांगून टाकला आणि एक काकू, ज्यांनी तो बघितला नव्हता, त्या म्हणाल्या आता मी काय बघू? मला अजून त्याचं वाईट वाटतं, तो शेवट माहीत नसताना बघणं हा एकदाच मिळणारा अनुभव आहे. तुमचा आवडता सीन शेवटाचाच असेल तर दुसरा घ्या, किंवा न बघितलेल्यांना कठड्याकडे जाऊन चहा प्यायला सांगा, आम्ही तेच करतो.

ऐकणाऱ्यांसाठी पण थोडं आहे. कोणी पिक्चर सांगत असताना "पण त्याचा सेकंड हाफ पडतो" हे बोलायचं नाही. त्याला तो आवडतो, इथे रिव्ह्यू चाललेला नाही. तुम्हाला आवडला नसेल तर तुमच्या वेळेला तुमचा सांगा. आणि प्रश्न विचारायचा असेल तर "कसा आहे?" विचारू नका, "कुठला सीन?" विचारा, "कोणाबरोबर बघितलास?" विचारा.

हा शेवटचा प्रश्न मोठ्या माणसांसाठी फार उपयोगी आहे. वयस्कर लोक "मला कुठे काय सांगता येतंय" म्हणून मागे बसतात. त्यांना टॉकीजचं विचारा. मल्हार, वंदना, ही नावं काढली की गोखले रोडपासून एसटी स्टँडपर्यंत सगळं जुनं ठाणं बाहेर येतं, आणि त्यात पिक्चर येतोच.

बी विंगच्या काकू, सत्तरच्या पुढच्या, वर्षभर नुसत्या ऐकायला यायच्या. एकदा मी विचारलं, काकू लग्न झाल्यावर पहिला पिक्चर कोणाबरोबर बघितलात? म्हणाल्या, जाऊबाईंबरोबर, "उंबरठा", स्मिता पाटीलचा, 1982 मध्ये, घरी बाजारात जातो सांगून गेलो होतो. मग सीन विचारला. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या, परत उघडत होत्या. म्हणाल्या, ती सुखाचं घर सोडून लांब नोकरीला जाते ना, स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षक म्हणून, ती निघते तेव्हा घरातल्या सगळ्यांचे चेहरे बघ. मला पनवेलच्या शाळेत नोकरी लागली होती गं. पत्र आलं होतं. हे म्हणाले ठाण्याहून पनवेल लांब पडेल.

कोणी काही बोललं नाही. काकूंनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, जाऊबाई इंटरव्हलला म्हणाल्या चल उठ, स्वयंपाकाला उशीर होईल, मी म्हटलं तुम्ही जा, मी पूर्ण बघून येणार.

आम्ही एक दोनशे पानी वही ठेवलीय, त्यात तारीख, पिक्चरचं नाव आणि आवडण्याचं कारण एका ओळीत, ज्याने सांगितला त्यानेच लिहायचं. काकूंनी चष्मा आणला नव्हता म्हणून मी लिहू का विचारलं, तर नको म्हणाल्या, वही घरी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे ठेवली. त्यांच्या ओळीत लिहिलंय, "पूर्ण बघितला."