किरणोत्सर्ग, आतडं आणि रक्त: प्रोजेक्टला बसण्याआधी

इंदूरच्या लोकमान्य नगरात "मी रेडिएशनवर काम करते" म्हटलं, की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे कॅटमध्ये?" राजा रामण्णा केंद्राला, म्हणजे इथल्या लेसर आणि कणत्वरकांच्या सरकारी संशोधन संस्थेला, गाव अजून कॅटच म्हणतं. मग सांगावं लागतं की तिथल्या इंडस-२ या मोठ्या यंत्राशी माझा काही संबंध नाही, मी उंदरांच्या आतड्यांच्या स्लाइड बघते. आत्यानं एकदा ताटावर बसल्या बसल्या चौकशी केली आणि दुसऱ्याच वाक्याला हात वर केला, "पुरे गं, जेवू दे." एम.एस्सी. करून या विषयाकडे वळणाऱ्यांचे मला अधूनमधून फोन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे.

सगळे आधी डोसचा तक्ता पाठ करतात. सर्व शरीरावर 1 ग्रेच्या (ग्रे म्हणजे शरीरात मुरलेल्या किरणांचं माप) वर डोस गेला की अस्थिमज्जा बिघडते, साधारण 6 ते 10 ग्रेच्या वर आतडं, त्याच्या पुष्कळ वर मेंदू आणि रक्तवाहिन्या. तक्ता खरा आहे. पण माझ्या मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "आतडं बिघडायला जास्त डोस लागतो ना? मग तो रुग्ण मज्जेच्या रुग्णाआधी का जातो?" मी गप्प. तक्त्यात घड्याळ नव्हतं.

ते घड्याळ मला उमगलं सराफ्यात, इंदूरच्या खाऊबाजारात. मिठाईवाल्याचा मागचा कारखाना जळाला तरी पुढचं दुकान लगेच रिकामं होत नाही. रबडी त्याच दिवशी संपते, पेढे आठवडाभर पुरतात, शेव कितीतरी दिवस टिकते. अस्थिमज्जा म्हणजे रक्ताचा कारखाना. तिथल्या मूळपेशी आणि झपाट्यानं विभागणाऱ्या त्यांच्या पिल्लापेशी किरणांनी मरतात. रक्तात आधीच आलेल्या पेशी मात्र आपलं आयुष्य जगून जातात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य तासांत मोजायचं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचं 8 ते 10 दिवस, तांबड्या पेशीचं सुमारे 120 दिवस. म्हणून सुरुवातीच्या उलट्या थांबल्या की रुग्णाला चक्क बरं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं. पांडुरोग त्यानंतर, सावकाश.

या हिशेबात न बसणारी पेशी लिंफोसाइट, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी 1906 मध्ये नियम मांडला: जी पेशी जास्त विभागते आणि कमी परिपक्व असते, ती किरणांना जास्त हळवी. लिंफोसाइट परिपक्व, निवांत बसलेली, तरीही विभाजनाची वाट न पाहता मरते. हा माल दुकानातच नासतो. अपघातानंतर पहिल्या 48 तासांत डॉक्टर पुन्हापुन्हा रक्त घेऊन लिंफोसाइट मोजतात ते यासाठीच. घसरण जितकी वेगवान, डोस तितका मोठा. तोंडी परीक्षेत हा अपवाद हमखास विचारतात.

आतड्यात कारखाना आणि दुकान एकाच भिंतीवर. तळाशी क्रिप्ट, वर बोटांसारखे व्हिलस. क्रिप्टमधल्या मूळपेशींपासून नवी पेशी निघते, वर सरकत टोकाला पोचते आणि गळून पडते. सगळा प्रवास 3 ते 5 दिवसांचा. मूळपेशी मेल्या तरी वरची गळती थांबत नाही. चारेक दिवसांत भिंत उघडी पडते, पाणी आणि क्षार वाहून जातात, आतले जंतू रक्तात शिरतात. त्यांना अडवणारे न्यूट्रोफिल त्याच सुमारास कमी होत असतात. सरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: आतड्याचा साठा आधी संपतो. नुसती मज्जा बदलून भागत नाही तेही यामुळे. चेर्नोबिलमध्ये 1986 साली 134 जणांना तीव्र किरणोत्सर्गबाधा झाली, 28 जण पहिल्या काही महिन्यांत गेले; 13 जणांवर मज्जारोपण केलं होतं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्वचेच्या भाजण्यानंही तिथे पुष्कळ जण दगावले, हे आपण आतडं-मज्जावाले सोयीनं विसरतो.

आता माझी फजिती. आमचा प्रोजेक्ट एका वनस्पतीच्या अर्काचा होता. (भारतात या विषयात शिरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकदा तरी तुळस किंवा आवळा येतोच.) 8 ग्रे दिले, 30 दिवस मोजले. अर्क दिलेले उंदीर वाचले! मी घरी फोन करून मोकळी. मग प्राणिगृहातले काका म्हणाले, "ताई, बिनऔषधाचे पण सगळे मजेत आहेत." भिंतीवरचा डोसदराचा (यंत्रातून मिनिटाला किती ग्रे पडतात त्याचा) कागद 14 महिने जुना निघाला. यंत्रातल्या किरण देणाऱ्या कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, म्हणजे महिन्याला जवळपास एक टक्का घट. मी 8 समजत होते, गेले होते 6.9. मृत्यूचा आलेख या भागात इतका उभा चढतो, की तेवढ्या फरकानं अख्खा पिंजरा वाचतो. तेव्हापासून वेळ लावण्याआधी त्या दिवसाचा दर मी स्वतः काढते आणि दुसऱ्याकडून तपासून घेते. अर्क डोसच्या आधी दिला की नंतर, हेही पहिल्याच दिवशी विचारा. आधी देऊन वाचवणं वेगळं. अपघातात सापडलेल्याला कोणी आधी औषध देत नाही. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या फिल्ग्रास्टिमला अमेरिकेत 2015 मध्ये किरणोत्सर्गबाधेसाठी मान्यता मिळाली, ते डोसनंतर द्यायचं औषध आहे.

स्लाइडचं काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. साडेतीन दिवसांनंतरच्या आतड्याच्या आडव्या कापांत पुन्हा उगवलेले क्रिप्ट मोजायचे. काप तिरका गेला की आकडा बिघडतो, असे काप बाजूला ठेवा. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका, स्वतःला तर नाहीच.

आणि टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेले किरण नोंदवणारा) स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात डिकी तापते आणि उष्णतेनं त्यातली नोंद पुसट होते. माझा एकदा तिमाहीभर तिथेच होता, हे आत्याला माहीत नाही.