निर्माल्यातली काच, पिशवीतली सुई

गोदाघाटावर सफाई करताना हात कापतो तो बहुधा निर्माल्याच्या ढिगात. देवांच्या जुन्या तसबिरी काचेसकट सोडलेल्या असतात. ढीग आधी फावड्याने पसरा, मगच उचला. पिशवी हाताने दाबू नका, पायाला घासत नेऊ नका.

इंजेक्शनची सुई दिसली तर:
१. फिनाईलची जाड, रिकामी बाटली जमिनीवर ठेवा. हातात धरू नका.
२. सुई चिमट्याने उचलून टोकाकडून आत टाका. टोपण सुईला नव्हे, बाटलीला लावायचं!
३. पाऊण भरली की बंद करून ‘सुया’ लिहा, घंटागाडीवर सांगून वेगळी द्या.

रबरी हातमोज्यातूनही सुई आरपार जाते. टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि तडक सिव्हिल गाठा. एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू व्हाव्या लागतात.